दोन मिलिमीटरांची वाट

पुण्याहून सोलापूरकडे जाताना उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी भिगवण लागतं. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला आणि एरवी ताजी मासळी खायला लोक इथे थांबतात. सांधेविकारांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांना मात्र हे गाव दुसऱ्याच कारणासाठी माहीत आहे. १९९६ साली पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिगवणमध्ये घरोघर जाऊन एक पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाचा ती भाग होती. कुठे दुखतं, किती दिवसांपासून दुखतं, त्यामुळे कोणतं काम अडतं, असे साधे प्रश्न दारोदार विचारायचे आणि ज्यांचं दुखतं त्यांना डॉक्टरांनी तपासायचं, अशी तिची रीत. चार हजारांहून थोड्या अधिक प्रौढांची पाहणी झाली. त्यांतल्या शेकडा अठरा जणांना हाडा-सांध्यांचं दुखणं निघालं. झिजेचा संधिवात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, शेकडा सहाच्या आसपास होता. ऱ्हुमॅटॉइड, ज्याला आपण आमवात म्हणतो, तो शेकडा अर्धा.

गुडघेदुखी ही बसून खाणाऱ्यांची तक्रार, असं शहरात सर्रास बोललं जातं. भिगवणसारख्या गावातली माणसं उकिडवं बसून खुरपणी करणारी, हंडे वाहणारी, उसाच्या फडात राबणारी. त्यांचा गुडघा गेला म्हणजे दिवसाची मजुरी गेली. देशभराचा अंदाज पाहिला तर १९९० साली भारतात झिजेच्या संधिवाताचे सुमारे २ कोटी ३५ लाख रुग्ण होते; २०१९ साली ते ६ कोटी २० लाखांच्या पुढे गेले.

या सहा कोटी लोकांसाठी डॉक्टरांच्या हाती काय आहे, हे एकदा स्पष्ट सांगायला हवं. वेदनाशामक गोळ्या आहेत, त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला जड जातात. मलमं आहेत. व्यायाम आणि वजन कमी करणं आहे, त्याचा उपयोग बहुतेकांना वाटतो त्याहून जास्त होतो. सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन आहे. आणि शेवटी वाटी बदलण्याची शस्त्रक्रिया आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत ५४,७२० रुपये अधिक कर अशी ठरली. त्याचा हजारो कुटुंबांना आधार झाला. पण झिजणारी गादी, म्हणजे कूर्चा, झिजायची थांबवील असं एकही औषध आज जगात कुठेही मान्यताप्राप्त नाही.

असं का, या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर असतं की गुणकारी रेणूच सापडलेला नाही. मला ते उत्तर अर्धंच वाटतं. गेल्या तीस वर्षांत प्रयोगशाळेच्या बशीत कूर्चेच्या पेशींना सावरणारे, त्यांची झीज रोखणारे रेणू पुष्कळ सापडले. माणसाच्या गुडघ्यात त्यांचा प्रभाव दिसेना, कारण ते जिथे पोहोचायला हवे होते तिथे पोहोचलेच नाहीत. सूक्ष्म कणांवर औषध स्वार करून ते सांध्यात नेमकं पोहोचवण्याचं संशोधन या अडथळ्याला भिडतं आहे.

अडथळा काय आहे ते कळायला गुडघा आतून पाहावा लागतो. मांडीच्या हाडाचं टोक आणि नडगीचं टोक यांवर चकचकीत, पांढरट, किंचित निळसर झाक असलेला एक थर असतो. हीच कूर्चा. गुडघ्यात तिची जाडी साधारण दोन ते चार मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही, लसिकावाहिनी नाही. वजनाने सत्तर-ऐंशी टक्के ती पाणीच आहे. उरलेल्या भागात कोलाजेनचे धागे आणि त्या धाग्यांच्या जाळ्यात अडकवलेले अ‍ॅग्रिकन नावाचे प्रचंड मोठे रेणू. पेशी अगदी विरळ, घनफळाच्या एक-दोन टक्क्यांइतक्या. पण सगळ्या कूर्चेची डागडुजी त्यांच्याच जिवावर चालते. कूर्चेत मज्जातंतू नसल्यामुळे झीज सुरू होते तेव्हा दुखत नाही. दुखायला लागतं ते आजूबाजूचं हाड आणि सांध्याचं अस्तर गुंतल्यावर. रक्तवाहिनी नसल्यामुळे तोंडाने घेतलेली गोळी तिथवर थेट जातच नाही. विल्यम हंटर या शरीररचनातज्ज्ञाने १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे कूर्चेवरचा निबंध वाचला, त्यात एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही असं त्याने नोंदवलं होतं. पावणेतीनशे वर्षं उलटून गेली तरी ते विधान पुरतं खोडून काढता आलेलं नाही.

गोळी पोहोचत नाही तर सुईने सरळ सांध्यातच औषध का घालू नये? तेही झालं. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन टोचलं. त्या कामासाठी १९५० साली त्यांना केंडाल आणि राइखस्टाइन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. १९५१ साली फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात टोचण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज कुठल्याही जिल्ह्याच्या गावी अस्थिरोगतज्ज्ञाच्या ओपीडीत तेच चालतं. रुग्णाला टेबलावर आडवं करायचं, गुडघ्याची वाटी बाजूने चाचपायची, कातडी स्पिरिटने पुसायची, वाटीच्या बाहेरच्या अंगाने सुई सरकवायची. सांधा सुजलेला असेल तर आधी पाणी काढून घ्यायचं, मग औषध सोडायचं. निरोगी गुडघ्यात सांध्यातलं हे पाणी, म्हणजे वंगण, जेमतेम चार-दोन मिलिलिटर असतं, चहाच्या चमच्याहूनही कमी.

पण सांध्याचं अस्तर स्वस्थ बसत नाही. ते सतत वंगण गाळत असतं आणि जुनं शोषून घेत असतं. औषधांचे लहान रेणू त्याच्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून निसटतात. सांध्यात विरघळलेल्या बहुतेक वेदनाशामकांची मात्रा एक ते पाच तासांत निम्म्यावर येते. मोठी प्रथिनं लसिकावाहिन्यांतून वाहून जातात, त्यांना तेवढा थोडा जास्त वेळ लागतो. सांध्यात औषध टोचणं हे गळक्या रांजणात पाणी भरण्यासारखं आहे. म्हणून स्टिरॉइड सहज न विरघळणाऱ्या स्फटिकांच्या रूपात देतात. त्याने काही आठवडे आराम पडतो, पण मोल मोजावं लागतं. अमेरिकेत टफ्ट्स मेडिकल सेंटरच्या डॉक्टरांनी १४० रुग्णांवर केलेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना दर बारा आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, असं दोन वर्षं चाललं. शेवटी दुखण्यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता आणि स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त पातळ झाली होती: ०.२१ मिलिमीटर, दुसऱ्या गटात ०.१०. एखाद-दुसरं इंजेक्शन घेतल्याने गुडघा जातो असा याचा अर्थ नाही. दर तीन महिन्यांनी सवयीने टोचून घेणाऱ्यांनी मात्र हा आकडा लक्षात ठेवावा.

औषध टिकवण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न नॅनोमीटरच्या मापात झाला नाही. तो मायक्रोमीटरच्या, म्हणजे हजारपट मोठ्या मापात झाला. शस्त्रक्रियेनंतर आत घालतात त्या विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीचंच एक बहुवारिक आहे, पीएलजीए नावाचं. शरीरात त्याचं हळूहळू लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होतं आणि ते निघून जातं. त्याच्या सूक्ष्म गोळ्यांत ट्रायमसिनोलोन कोंडलेलं ‘झिलरेटा’ हे इंजेक्शन अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१७ मध्ये मंजूर केलं. बारा आठवड्यांनंतरही औषध सांध्यातल्या द्रवात सापडलं. साध्या रूपातलं सहाव्या आठवड्यातच जवळपास संपलेलं होतं. मधुमेहींच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. साध्या इंजेक्शननंतरच्या तीन दिवसांत रक्तातली साखर सरासरीने जितकी चढते, त्याच्या निम्म्याहून कमी ती या रूपात चढली. आपल्याकडे गुडघा आणि साखर ही जोडी किती घरांत आहे ते वेगळं सांगायला नको. ४८४ रुग्णांच्या मुख्य चाचणीत बाराव्या आठवड्याला मिठाच्या पाण्यापेक्षा हे औषध सरस ठरलं, पण साध्या ट्रायमसिनोलोनपेक्षा रोजच्या सरासरी दुखण्यात ठळक सरस ठरलं नाही. शिवाय या गोळ्या सांध्याच्या पोकळीतच राहतात. कूर्चेच्या आत शिरण्याच्या मानाने त्या फार मोठ्या आहेत.

कूर्चेत शिरायचं तर माप किती हवं? मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. आपली तांबडी रक्तपेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते. कूर्चेतल्या कोलाजेनच्या धाग्यांमध्ये साधारण साठ नॅनोमीटरची जागा सुटलेली असते, पण ती जागा अ‍ॅग्रिकनने भरलेली असते. त्यामुळे प्रत्यक्ष वाट उरते पंधरा नॅनोमीटरच्या आसपास, खोल थरात त्याहूनही अरुंद. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या संशोधकांनी २००८ साली उंदरांच्या गुडघ्यात दोन मापांचे कण टोचून पाहिले. ३८ नॅनोमीटरचे आत गेले, ९६ नॅनोमीटरचे बाहेरच राहिले. त्या ३८ च्या कणांवर कोलाजेनला चिकटणारा सहा अमिनो आम्लांचा एक तुकडा बसवला, तेव्हा ते तसा तुकडा नसलेल्या कणांच्या तुलनेत ७२ पटींपर्यंत साठले. या कामाने अनेकांना हुरूप आला.

पण उंदराच्या कूर्चेतली वाट आणि आपल्या कूर्चेतली वाट यांत फार फरक आहे. प्रयोगातल्या छोट्या उंदराची कूर्चा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, आपली दोन मिलिमीटर धरली तर चाळीस पट जाड. रेणू आपोआप पसरत जातो तेव्हा लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. अंतर चाळीस पट, तर वेळ सोळाशे पट. उंदरात एका तासात तळाशी पोहोचणाऱ्या कणाला माणसात त्याच हिशेबाने सोळाशे तास, म्हणजे दोन महिन्यांहून अधिक काळ लागेल. तोवर सांध्याने तो कधीच बाहेर घालवलेला असेल. उंदरावर चाललं आणि माणसावर नाही, अशी निराशा या क्षेत्रात वारंवार पदरी आली, तिच्यामागे हे साधं गणित बऱ्याच अंशी आहे. वर्तमानपत्रात ‘संधिवातावर नॅनो उपाय सापडला’ अशी बातमी आली की मी आधी प्राणी कोणता ते पाहते आणि मग कूर्चेची जाडी शोधते.

हे गणित सोडवण्याची दिशा केंब्रिजच्या एमआयटीतल्या अ‍ॅलन ग्रोडझिन्स्की यांच्या प्रयोगशाळेतून आली. सत्तरच्या दशकापासून हा माणूस कूर्चेतल्या विद्युतभारांचा अभ्यास करतो आहे. अ‍ॅग्रिकनच्या साखळ्यांवर ऋणभार खच्चून भरलेला असतो. एकमेकांना ढकलणारे हे भार आणि त्यांनी ओढून धरलेलं पाणी यांच्यामुळेच कूर्चा दाबाला टिकते. मग हाच ऋणभार औषध आत खेचायला का वापरू नये? धनभार असलेला कण आणला तर कूर्चा त्याला स्वतःहून ओढून घेईल, तो पृष्ठभागाजवळ दाटेल, आत घुसण्याचा त्याचा रेटा वाढेल आणि आत गेल्यावर तो सहजी निसटणार नाही.

अंबिका बाजपेयी यांनी ग्रोडझिन्स्कींबरोबर याची तपासणी केली ती अ‍ॅव्हिडिन या प्रथिनाने. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यात हे प्रथिन असतं. माप साधारण सात नॅनोमीटर, अंगावर धनभार. तेवढ्याच मापाचा पण भार नसलेला त्याचा भाऊबंद, न्यूट्राव्हिडिन, तुलनेला घेतला. कत्तलखान्यातून आणलेल्या वासराच्या गुडघ्यातून कूर्चेच्या गोल चकत्या कापतात, त्या द्रावणात बुडवून ठेवतात किंवा दोन कप्प्यांच्या भांड्यात मधोमध बसवतात, आणि एका बाजूला सोडलेला चमकणारा रेणू किती आत गेला ते मोजतात. आकार तोच, फरक फक्त भाराचा. तरी अ‍ॅव्हिडिन चारशे पट अधिक शोषलं गेलं आणि चकतीच्या पूर्ण जाडीत पसरलं. बाजपेयी पुढे बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात गेल्या आणि भार नेमका किती असावा या प्रश्नाच्या मागे लागल्या. भार कमी पडला तर कण वाहून जातो. जास्त झाला तर तो वरच्याच थराला घट्ट चिकटून बसतो आणि पुढे सरकत नाही. त्यांच्या गटाने २०१९ साली छोट्या पेप्टाइडांची एक मालिका तपासली तेव्हा अधिक १४ भाराचं पेप्टाइड सर्वांत सरस ठरलं. पकड इतकीच हवी की कण धरता धरता सुटेल आणि सुटता सुटता पुढे जाईल.

एमआयटीतच पॉला हॅमंड यांच्या प्रयोगशाळेत ब्रेट गायगर या तरुण संशोधकाने हाच विचार मानवनिर्मित कणावर नेला. डेंड्रिमर हा मधल्या गाभ्यापासून प्रत्येक टप्प्यावर दुप्पट फांद्या फुटत जाणारा रेणू आहे. चौथ्या पिढीत त्याला ६४ टोकं येतात, सहाव्या पिढीत २५६, आणि प्रत्येक टोकावर धनभार. नुसता असा डेंड्रिमर पेशींना विषारी ठरतो. म्हणून काही टोकं पीईजी या निरुपद्रवी साखळीने झाकायची. किती टोकं झाकली म्हणजे विषारीपणा जातो पण कूर्चेची ओढ शिल्लक राहते, हे शोधायला त्यांनी निरनिराळ्या प्रमाणांतले डेंड्रिमर बनवून एकेक करून चाळले. जे उरले त्यांना आयजीएफ-१ हे वाढीचं प्रथिन जोडलं. कूर्चेच्या पेशींना ते सावरतं हे आधीच माहीत होतं. एकटं टोचलं तर ते सांध्यात थांबत नाही हीच अडचण होती. सगळं मिळून माप दहा नॅनोमीटरच्याही आत. माणसाच्या कूर्चेइतक्या जाडीच्या बैलवर्गीय कूर्चेतून हा कण दोन दिवसांत आरपार गेला. मोठ्या उंदरांच्या गुडघ्यात आयजीएफ-१ टिकण्याचा काळ दहापटींपर्यंत वाढला आणि त्याचा माग तीस दिवसांपर्यंत लागला. या उंदरांच्या गुडघ्यातला अस्थिबंध कापून मुद्दाम झीज सुरू केलेली होती. एकाच इंजेक्शननंतर, उपचार न केलेल्या उंदरांच्या तुलनेत, खराब झालेल्या कूर्चेची रुंदी ६० टक्क्यांनी आणि हाडाला फुटणाऱ्या काट्यांचं घनफळ ८० टक्क्यांनी कमी भरलं. हे काम नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. आजवर वाचलेल्या अशा सगळ्या कामांत मला हे सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण त्यांनी उंदरावरच न थांबता माणसाइतकी जाडी घेऊन ती वाट मोजून पाहिली.

आमवाताचं प्रकरण निराळं. तिथे शत्रू कूर्चेच्या आत नसतो. शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटलेली असते, आणि एक सांधा नव्हे, बोटांपासून घोट्यांपर्यंत अनेक सांधे एकदम धरलेले असतात. प्रत्येकात सुई कशी घालणार? इथे औषधं आहेत आणि चांगली आहेत. सगळ्यांत मुख्य मेथोट्रेक्सेट. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेच्या लेडर्ली प्रयोगशाळेत ते चाळिशीच्या दशकात तयार झालं, मुळात कर्करोगासाठी; आमवातासाठी अमेरिकेत त्याला १९८८ साली मान्यता मिळाली. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, आणि नीट घेतलं तरी यकृतावर नजर ठेवावी लागते, कारण औषध सगळ्या शरीरात फिरतं. हव्या त्या सांध्यातच ते उतरवता आलं तर मात्रा कमी करता येईल.

सुजलेल्या सांध्यातल्या रक्तवाहिन्या गळक्या झालेल्या असतात, हे इथे कामी येतं. शिरेतून सोडलेले शंभरेक नॅनोमीटरचे कण निरोगी वाहिनीतून बाहेर पडत नाहीत, सुजलेल्या जागी मात्र झिरपतात आणि तिथे जमलेल्या पेशी त्यांना गिळून धरून ठेवतात. अमेरिकेच्या नेब्रास्का विद्यापीठातल्या डाँग वांग यांनी या प्रक्रियेचं वर्णन करून तिला नाव दिलं. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त इथे स्निग्ध आवरणाच्या कणांत, म्हणजे लायपोसोममध्ये, प्रेडनिसोलोन भरून ते संधिवाताच्या उंदरांना शिरेतून दिलं, तेव्हा एकाच मात्रेने जवळजवळ आठवडाभर सूज उतरली. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या लियांगफांग झांग यांच्या गटाने २०१८ साली आणखी पुढची गोष्ट केली. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आमवातात सांध्याकडे धाव घेतात. त्यांनी या पेशींची पटलं सोलून पीएलजीएच्या कणांवर चढवली. दाह पेटवणारे रेणू खऱ्या न्यूट्रोफिलऐवजी या कणांना चिकटले आणि निष्प्रभ झाले. उंदरांमध्ये सांध्यांची हानी कमी झाली.

शिरेतून दिलेल्या कणांबद्दल मात्र मी सावध आहे. त्यांतला मोठा वाटा यकृत आणि प्लीहा गाळून घेतात. टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ साली दहा वर्षांतले कर्करोगावरचे असे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा मध्यक हिशेबाने टोचलेल्या कणांपैकी फक्त ०.७ टक्के गाठीपर्यंत पोहोचत होते. सांधा म्हणजे गाठ नव्हे, तरी या आकड्याकडे डोळेझाक करता येत नाही.

‘नॅनो’ म्हटलं की हे सगळं परदेशातलं, उद्याचं वाटतं. महाराष्ट्रातल्या हजारो कुटुंबांचा या तंत्राशी संबंध येऊन गेला आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसने थैमान घातलं तेव्हा ज्या लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी लोक शहरोशहरी वणवण फिरले, ते औषध स्निग्ध नॅनोकणांत भरलेलं होतं. साधं अ‍ॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला फार घातक. कणांत कोंडल्यावर तो धोका बराच कमी होतो. त्या दिवसांनी दोन गोष्टी दाखवल्या. कणांत औषध भरणं खरोखर जीव वाचवतं. आणि असे कण बनवणारे कारखाने मोजके असले की गरजेच्या वेळी औषध हाती लागत नाही.

सांध्यांवरचं काम आपल्याकडेही चालू आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रचित अगरवाल यांच्या प्रयोगशाळेत कामिनी धनबालन आणि सहकाऱ्यांनी रॅपामायसिन हे औषध पीएलजीएच्या सूक्ष्मकणांत भरलं. रॅपामायसिनचा जन्म ईस्टर बेटावरच्या मातीतल्या एका जिवाणूतून झाला. मॉन्ट्रियलमध्ये ते वेगळं काढणारे सुरेंद्रनाथ सेहगल भारतीय वंशाचे होते, आणि त्यांच्या कंपनीने तिथली प्रयोगशाळा बंद केली तेव्हा ते जिवाणू त्यांनी घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले होते. अवयवरोपणानंतर हे औषध देतात. कूर्चेच्या पेशी अकाली म्हाताऱ्या होऊ नयेत आणि त्यांनी आपल्यातला कचरा साफ करत राहावं, यालाही त्याची मदत होते. बंगळुरूच्या गटाने उंदरांच्या गुडघ्यात हे कण टोचले, ते सुमारे महिनाभर तिथे टिकले आणि शस्त्रक्रियेने घडवलेली झीज कमी झाली. हे कण मायक्रोमीटरच्या मापाचे आहेत, कूर्चेच्या आत न जाता बाहेरून औषध पुरवत राहणारे. मला हा मार्ग आपल्या देशाला सोयीचा वाटतो: बहुवारिक ओळखीचं, औषध ओळखीचं, आणि तालुक्याहून जिल्ह्याला दर आठवड्याला खेपा घालणं ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी महिन्याला एकच सुई. पण उंदराच्या आणि आपल्या कूर्चेतलं चाळीस पटींचं अंतर याही कामापुढे उभं आहेच.

अडचणी आणखी आहेत. त्यांतली मला सर्वांत बोचणारी अशी: झीज वाढते तसं अ‍ॅग्रिकन गळून जातं आणि त्याच्याबरोबर कूर्चेचा ऋणभारही. म्हणजे धनभाराच्या कणांना ओढून घेणारी ताकद सगळ्यात कमी कोणाच्या गुडघ्यात, तर ज्याला सगळ्यात जास्त दुखतं त्याच्या. जिना चढवत नाही, मांडी घालून बसवत नाही, एक्स-रेत हाडाला हाड लागलेलं, अशा माणसासाठी हे तंत्र नाही. त्याला वाटी बदलण्याचाच सल्ला उद्याही द्यावा लागेल. हे तंत्र ज्याच्या उपयोगाचं, त्याला अजून दुखत नाही, म्हणून तो डॉक्टरकडे येत नाही. साध्या एक्स-रेत कूर्चा दिसतही नाही.

दुसरी अडचण मोजण्याची. स्प्रिफर्मिन हे वाढीचं प्रथिन ५४९ रुग्णांच्या गुडघ्यांत टोचून पाहिलेल्या चाचणीचे निकाल २०१९ साली आले. सर्वांत मोठी मात्रा सहा महिन्यांतून एकदा घेणाऱ्यांची कूर्चा दोन वर्षांत, नुसतं मिठाचं पाणी घेणाऱ्यांच्या तुलनेत, ०.०५ मिलिमीटरने जाड भरली. दुखण्यात मात्र ठळक फरक पडला नाही. त्याआधी २०१८ सालीच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आपल्या मसुद्यात म्हटलं होतं की एमआरआयमध्ये कूर्चा सुधारलेली दिसणं पुरेसं नाही, माणसाला चालणं-फिरणं सोपं झालं पाहिजे. ही अट योग्यच आहे. पण त्यामुळे चाचणी वर्षानुवर्षं चालवावी लागते, खर्च वाढतो आणि कंपन्या काढता पाय घेतात.

या मधल्या काळात बाजार गप्प बसणार नाही. ‘नॅनो’ हा शब्द छापलेली तेलं, कॅप्सूल आणि पट्टे विकले जातात, गुडघ्याची गादी परत आणून देतो म्हणून सांगितलं जातं. वर सांगितलेलं सगळं वाचल्यावर वाचकाने एवढंच विचारावं: कातडीवर चोळलेला किंवा पोटात गेलेला हा कण, रक्तवाहिनीच नसलेल्या कूर्चेत कुठल्या वाटेने जाणार आहे? विकणाऱ्याकडे याचं उत्तर नसेल तर ते पैसे फिजिओथेरपिस्टला द्यावेत. मांडीचे स्नायू बळकट झाले की दुखणं कमी होतं, हे भक्कम पुराव्यानिशी सिद्ध झालं आहे.

मग धनभाराच्या या कणांची माणसांतली पहिली चाचणी कोणावर व्हावी? माझ्या मते साठीतल्या रुग्णांवर नव्हे, तर नुकताच गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेल्या पंचविशीतल्या तरुणांवर. कबड्डीच्या मैदानावर पाय मुरगळलेले, दुचाकीवरून पडलेले असे रुग्ण आपल्या रुग्णालयांत नेहमीचे. अस्थिबंध किंवा मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली अर्धचंद्राकार चकती, फाटलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या गुडघ्यात दहा ते वीस वर्षांत झीज दिसते, मग अस्थिबंध शस्त्रक्रियेने जोडलेला असो वा नसो. इजा होताच सांध्यात दाह उसळतो आणि कूर्चा तेव्हापासूनच अ‍ॅग्रिकन गमावू लागते. पण पहिल्या काही दिवसांत तिचा बहुतेक ऋणभार शाबूत असतो, म्हणजे धनभाराचे कण आत ओढून घेण्याची ताकदही. एमआयटीच्या प्रयोगातल्या उंदरांचा गुडघा नेमका असाच दुखावलेला होता. शिवाय या रुग्णांना डॉक्टरकडे लवकर यावंच लागतं, एमआरआय त्यांचा होतोच, आणि झिजेच्या आजारात सुरुवातीची तारीख नक्की सांगता येईल असा रुग्णांचा दुसरा गट सापडणं कठीण.